अठरा अंगुळांचं कडं

कुंभकोणम्,
फाल्गुन, सन १९३८

तीर्थस्वरूप नरसिंहअण्णा आणि सौभाग्यवती रुक्मिणीवैनी यांच्या पायांपाशी धाकट्या मीनाक्षीचा डोकं टेकून नमस्कार. इथे आम्ही दोघी, मी आणि तुमची गोदा, तुमच्या पुण्याईनं धडधाकट आहोत. तुमचा गुडघा कसा आहे ते कार्डात नव्हतं. वैनींचा खोकला गेला का, तेही नव्हतं. तुमच्या कार्डात हल्ली नुसते हुकूम असतात, अण्णा. कचेरीतून पेन्शन घेतलीत, पण कचेरी काही तुमच्यातून निघाली नाही. गुडघ्याला तेल कोमट करून लावा आणि वैनींना लावायला सांगू नका, स्वतः लावा.

कार्ड मंगळवारी पावलं. मी ते तीनदा वाचलं. पोस्टमननं माझ्याआधी एकदा वाचलं असावं, कारण देताना तो तोंड बारीक करून ‘मग गोदाअम्मा जाणार?’ असं विचारत होता. (घरातल्या गोष्टी उघड्या कार्डावर लिहू नयेत, हे लहानपणी मला तुम्हीच शिकवलंत.) तुम्ही लिहिता की, गोदा मैदानावर मुलग्यांसारखी धावते असं पापनाशम्‌च्या कुणी तुमच्या कानावर घातलं, तिरुविडैमरुदूरचे लोक चैत्रात मुलगी पाहायला येणार आहेत, कॉलेज झालं तेवढं पुरे, शुक्रवारच्या गाडीनं तिला तंजावरला पाठव. अण्णा, तुमचा शब्द मी आजवर मोडलेला नाही. (मोडल्यासारखा दिसला असेल, ते वेगळं.) त्याचं उत्तर शेवटी देते. पण जिला बोलावताय ती इथे काय करत होती ते आधी माझ्याकडून ऐका. पापनाशम्‌च्या माणसाला काय ठाऊक? तो गाडीच्या खिडकीतून बघतो आणि गाडी सुटली की बाकीचं मनानं भरतो. एक गोष्ट मात्र आत्ताच सांगून ठेवते. हा खेळ सहाजणींचा आहे आणि माझ्याकडे मुली सहाच आहेत. सातवी कुठून आणू? गोदा गेली की पाच उरतात, आणि पाचजणींना मैदानावर कुणी उभं करत नाही. तुमच्या एका कार्डानं सहा मुलींचा खेळ बंद पडतो, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

तर खेळ म्हणजे बास्केटबॉल. उंच खांबावर लोखंडाचं कडं असतं आणि त्यातून चेंडू वरून खाली टाकायचा. ऐकायला सोपं आहे. आमच्या प्रिन्सिपलबाईंनाही तसंच वाटलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्या मद्रासहून एक चेंडू आणि नियमांचं एक पुस्तक घेऊन आल्या आणि म्हणाल्या, हे आपल्या मुलींना शिकवायचं. माझ्याआधी एकीनं हे काम तीन आठवडे केलं आणि दुसरीनं एक संध्याकाळ. मग सभा भरली. सगळ्या मास्तरणींना घरी संध्याकाळची कॉफी मागणारा नवरा आहे, मला नाही, म्हणून सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. अशा रीतीनं शिवण शिकवणारी मीनाक्षीबाई, वय त्रेचाळीस, उंची चार फूट सात इंच, ही बास्केटबॉलची गुरू झाली. पुस्तक इंग्रजी. मी डिक्शनरी घेऊन बसले आणि पोथीसारखा रोज एक अध्याय वाचून काढला. चौदाव्या दिवशी पारायण पुरं झालं, तेव्हा मला सगळे नियम पाठ होते आणि एकही समजला नव्हता.

पहिली मॅच त्रिचिनापल्लीला, तिथल्या एका मोठ्या कॉलेजच्या मुलींशी झाली. तिचं काय सांगू! शेहेचाळीस आणि शून्य. शून्य आमचं. आमच्या मुली वाईट खेळल्या असं नाही. त्या फार चांगल्या वागल्या. आमची शिवकामी (मिरासदाराची मुलगी, अंगानं भक्कम, मनानं लोणी) हिच्या हातात चेंडू आला की समोरची मुलगी ‘इकडे दे’ म्हणायची आणि शिवकामी ‘घ्या अक्का’ म्हणून दोन्ही हातांनी द्यायची. वयानं मोठी मुलगी मागते आहे, नाही कसं म्हणायचं? असं अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी तर समोरचीनं मागितलंही नव्हतं. पूर्ण मॅचभर आमचा चेंडू कड्यापर्यंत पोचलाच नाही, त्यामुळे आमच्यापैकी कुणी मान वर करून ते कडं पाहिलंही नाही. (हे वाक्य नीट ध्यानात ठेवा. याचं पुढे काम आहे.)

परत आलो तर कॉलेजचे सेक्रेटरी चंद्रमौळी अय्यर वाट बघत होते. त्यांना आमच्या मैदानाची जागा गाईंच्या गोठ्यासाठी हवी होती. त्यांनी प्रश्नांची यादीच काढली. मुली कोणत्या वस्त्रात धावतात? चेंडू कोणत्या जनावराच्या कातड्याचा आहे? पहिल्याला मी उत्तर दिलं की, इथल्या मुलींची अर्धी साडी, ती दावणी, पायांत येते म्हणून सगळ्यांना आपलं नऊवारी लुगडं कासोटा घालून नेसायला शिकवलं आहे, आणि घरंदाज वस्त्र म्हणून त्यापुढे कुणाची बोलायची छाती असेल तर समोर यावं. (शिवकामीची आई तेवढी रडत आली होती की, माझ्या मुलीला तुम्ही तुमच्यासारखी मराठी, रायर करून टाकलं. मी म्हटलं, रडू नका, धुतलं की निघतं.) दुसऱ्या प्रश्नावर मी म्हटलं, चेंडू मद्रासचा आहे, जनावराचं मला ठाऊक नाही. तरी कातडं ते कातडं. आमच्या विशालाक्षीच्या आजीनं फर्मान काढलं की, चेंडूला शिवलं की डोक्यावरून स्नान. आता विशालाक्षी रोज पहाटे आणि संध्याकाळी विहिरीतून सोळा-सोळा घागरी ओढते आणि तिचे दंड असे झालेत की तिनं फेकलेला चेंडू झेलायला शिवकामीच लागते. सेक्रेटरींनी शेवटी एक वर्षाची मुदत दिली. वर्षात एक मॅच जिंकली नाही तर गोठा.

मैदानाच्या रेघांचं मात्र ऐकण्यासारखं आहे. पुस्तकात लिहिलंय, मैदानाला चारी बाजूंनी पांढरी रेघ हवी, मधोमध एक रेघ, त्यात एक वर्तुळ. आणि चेंडू हातात असताना रेघेवर पाय पडला की चेंडू गेला. त्रिचीला आमचे तिथेही पुष्कळ चेंडू गेले. मी म्हटलं, रेघ घरची पाहिजे. तेव्हापासून रोज पहाटे मुली सडा घालतात आणि तांदळाच्या पिठानं दारापुढे कोलम काढतो तशी हातानं रेघ ओढतात. विशालाक्षीला मधल्या वर्तुळात कमळ काढल्याशिवाय राहवत नाही. (मी दोनदा रागावले. मग पुस्तकात पाहिलं, कमळ काढू नये असं कुठेच लिहिलेलं नाही.) आणि काय सांगू अण्णा, त्या दिवसापासून आमच्या एकाही मुलीचा पाय रेघेवर पडला नाही! कोलमवर पाय कोण देईल? मधल्या रेघेचा नियमही तसाच: राखणाऱ्या तिघींनी ती ओलांडून पलीकडे जायचं नाही आणि फेकणाऱ्या तिघींनी अलीकडे यायचं नाही. त्रिचीच्या मुलींना म्हणे हे शिकायला महिना लागतो. आमच्या मुलींना मी एवढंच म्हटलं की, पलीकडे सोवळ्याचा स्वयंपाक चालला आहे असं समजा. एका क्षणात समजलं. अडचण मुंग्यांची. त्या सकाळी नऊपर्यंत अर्धं मैदान वाहून नेतात, म्हणून सकाळचा खेळ मुंग्यांच्या आधी संपवावा लागतो आणि संध्याकाळच्या खेळाला रेघा पुन्हा ओढाव्या लागतात. त्यामुळे धावण्याला वेग आला, तो वेगळा फायदा.

आता कड्याचं. हे सांगताना मला अजून थोडं हसू येतं आणि थोडं दुसरंही काही येतं. जुनं लोखंडी कडं माझ्याकडे काम येण्याआधीच गंजून पडलं होतं. लोहार नांगरांच्या कामात, भांडीवाले म्हणाले बिनबुडाची वस्तू आम्ही करत नाही, अपशकुन होतो. मग मी स्वामीमलईला गेले, महालिंग स्थपतींकडे. पिढ्यान्‌पिढ्या देवांच्या मूर्ती ओतणारं घराणं. त्यांना पुस्तकातलं चित्र दाखवलं, अठरा हा आकडा दाखवला. ते म्हणाले, करतो, यजमान कोण? मी म्हटलं, कॉलेज. ते म्हणाले, कॉलेजला बोटं असतात का? यजमान म्हणजे माणूस, जो करवून घेतो तो. म्हटलं, मग मीच. त्यांनी पाट मांडला आणि मला बसायला सांगितलं.

अण्णा, तुम्हांला ठाऊक आहे, बाराव्या वर्षापासून मला कुणी कसल्या कार्यात पाट दिलेला नाही. लग्नामुंजीत मी मागच्या दारी, सत्यनारायणाला मी कोठीघरात. स्थपतींनी माझं कपाळ पाहिलं नसेल असं नाही. त्यांचा धंदाच पाहण्याचा. तरी म्हणाले, यजमान, उजवा हात पुढे करा. नारळाच्या पातीची एक चिरफळी घेऊन त्यांनी माझ्या मधल्या बोटाचं मधलं पेर मापलं, पातीला घडी घातली आणि ती अशी जपून ठेवली जशी काही सोन्याची तार. मला वाटलं, भटजी गोत्र विचारतात तसं काहीतरी असेल. विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर ते संपलं असतं, आणि मला त्या पाटावर आणखी थोडं बसायचं होतं. झाली ती चूक इथे झाली.

महिन्यानं बैलगाडीतून दोन कडी आली. पंचलोहाची, हळदकुंकू लावलेली, खालच्या कडेला न मागितलेल्या कमळपाकळ्या. सगळं कॉलेज बघायला लोटलं. आम्ही नारळ फोडून ती चढवली. देवाच्या स्थपतीनं केलेल्या वस्तूला फूटपट्टी लावायचं पाप कोण करणार? कुणी लावली नाही. खेळ सुरू झाला आणि दोन महिने एकही चेंडू आत गेला नाही. कड्याच्या कडेला लागे, घंटेसारखा मंजुळ आवाज होई (समोरच्या गणपतीच्या देवळातले, पिळ्ळैयार कोविलातले पुजारी गुरुक्कळ दोनदा धावत आले) आणि चेंडू बाहेर. चेंडूभोवती जेमतेम दोन-दोन बोटं जागा. आम्हांला वाटलं, खेळच असा कठीण आहे, उगाच का इंग्रजांनी त्याचं पुस्तक काढलं!

पहिला चेंडू आत घातला तो तुमच्या गोदानं. पोरीची उंची तुमची, हट्टही तुमचाच. तिनं शोधून काढलं की, चेंडू समोरून फेकून उपयोग नाही, तो नारळाच्या झाडाएवढा उंच गेला पाहिजे आणि सरळ वरून खाली आला पाहिजे. मग ती रोज कॉफीच्या आधी शंभर चेंडू फेकू लागली. पहिल्या दिवशी शंभरात तीन. पोंगलपर्यंत चाळीस. मग तिनं बाकीच्या दोघींना शिकवलं. मी काय शिकवलं म्हणाल तर, मी खालून मोजत होते आणि चुकलं की ‘पुन्हा’ म्हणत होते. ऊन लागलं, रंग थोडा उतरला, हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण त्याच गोदानं तिमाहीत तर्कशास्त्रात पहिला नंबर काढला, हे पापनाशम्‌च्या माणसानं तुम्हांला सांगितलं का? नाही ना? मला वाटलंच.

गेल्या महिन्यात त्रिचीला पुन्हा गेलो. आता एक गुन्हा कबूल करते. गाडी तंजावरला वीस मिनिटं थांबते हे तुम्हांला ठाऊक आहे. त्या वीस मिनिटांत फलाटावर वैनींचे भाऊ विड्याची पानं घेत होते आणि आमच्या डब्यात गोदा शिवकामीच्या मागे बसून होती. शिवकामीच्या मागे माणूस दिसत नाही. आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावरून तुमची लेक अशी लपवून नेली, आणि चिंचेच्या भाताचा डबा उघडूनही मला एक घास गेला नाही. त्याची क्षमा मागते. पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा लपवीन.

मैदानावर पोचलो, मुलींनी मान वर केली आणि विशालाक्षी ओरडली, ‘अम्मा, ही तर विहीर!’ खरंच, केवढं मोठं ते कडं! मला वाटलं, यांनी आपल्या सोयीसाठी लबाडी केली. मी तडक पंचबाईंकडे गेले (गोऱ्या, उंच, गळ्यात शिट्टी) आणि माझ्या इंग्रजीत सांगितलं की, तुमचं कडं नियमापेक्षा मोठं आहे, हे आम्ही चालवून घेणार नाही. त्या बिचाऱ्यांनी शिडी आणवली, फूटपट्टी लावली. अठरा इंच, तंतोतंत. मी पुस्तक उघडलं. अठरा इंच. मग मी माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाकडे पाहिलं. तिथेच पंचबाईंची फूटपट्टी मागून घेतली आणि पेर मापलं. पाऊण इंच. स्थपतींनी अठरा मोजली होती, पण माझी, यजमानाची अंगुळं! वर्षभर माझ्या मुली साडेतेरा इंचांच्या भोकातून चेंडू घालत होत्या. मी फूटपट्टी परत दिली, ‘आमची तक्रार नाही’ म्हटलं आणि तोंडाला पदर लावून बाकावर येऊन बसले.

मग जे झालं ते काय वर्णू! गोदानं पहिला चेंडू फेकला. तो वर गेला, इतका वर गेला की त्रिचीच्या मुली हसल्या. आणि मग तो कड्याला न शिवता आत आला. त्यांचं हसणं तिथेच थांबलं. दुसरा, तिसरा, चौथा. एकतीस आणि आठ, अण्णा! एकतीस आमचे, त्यांतले एकोणीस एकट्या गोदाचे! त्रिचीच्या मुलींचे नऊ चेंडू रेघेवर पाय पडून गेले, आमचा एकही नाही. आणि शिवकामी! समोरचीनं नेहमीप्रमाणे ‘इकडे दे’ म्हटलं, तर ही हसून म्हणाली, खेळ संपल्यावर देते, अक्का. आणि खेळ संपल्यावर खरंच चेंडू घेऊन तिच्याकडे गेली. त्या दिवशी मी बाकावर उभी राहून ओरडत होते म्हणे. मला आठवत नाही, पण दोन दिवस घसा बसला होता. आयुष्यात मला एवढा अभिमान कधी वाटला नव्हता, आणि तो लपवावा असंही वाटलं नाही.

कुंभकोणम्‌च्या स्टेशनावर नादस्वर, हार, आणि सगळ्यांच्या पुढे चंद्रमौळी अय्यर. ते जमलेल्या मंडळींना सांगत होते की, हा खेळ सुरू करण्याची कल्पना मूळची त्यांचीच. मी म्हटलं, असू दे. गोठा तर टळला. आता मैदानाभोवती तिसऱ्या प्रहरी बायका मुली घेऊन बसतात आणि पट्टीश्वरम्‌हून एक आजी येते, ती दर चेंडूला देवीचं नाव घेते. पुढच्या वर्षासाठी अकरा मुलींनी मला विचारलं आहे. पुढच्या वर्षासाठी, अण्णा. या वर्षीच्या मला सहाच.

आता गोदाचं. तुमचं कार्ड तिनं वाचलं. (उघडं कार्ड, तिनं काय डोळे मिटून आणायचं?) ट्रंक खाली काढली, दोन लुगडी घडी करून ठेवली आणि चेंडू घेऊन मैदानावर गेली. मी शिवणाच्या खोलीतून मोजत होते. शंभर फेकले, चार चुकले. मग खाली बसून रडली. रेघेच्या बाहेर बसून रडली, अण्णा. एवढ्या रडण्यातही पिठावर पाय पडू दिला नाही. मी तिच्याकडे गेले नाही, कारण गेले असते तर मीही बसले असते.

तुमची आज्ञा मला मान्य आहे. गोदाला मी शुक्रवारी पाठवते. ट्रंक भरलेली आहे.

वैनींना नमस्कार, गुडघ्याला तेल. तुमची सदैव आज्ञेतली (वैनी, यांना हसू देऊ नका) धाकटी,
मीनाक्षी

ता. क. शुक्रवारी पाठवते असं वर लिहिलं, पण कोणत्या शुक्रवारी ते लिहायचं राहिलं. त्याला एक अडचण आहे. त्रिचीवाल्या आपल्या आषाढात, म्हणजे इथल्या आडी महिन्यात इथे उलटी मॅच खेळायला येणार आहेत आणि पंचबाईंचं पत्र आलंय की, कडी नेमकी अठरा इंचांची हवीत, नाहीतर मॅच धरणार नाही. सेक्रेटरी म्हणाले, मद्रासहून लोखंडी मागवा. ते स्थपतींच्या कानावर गेलं आणि ते भडकले. म्हणाले, माप चुकलं नाही, यजमान लहान निवडला. ज्याचं पेर पुरं इंचभर आहे असा यजमान आणा, बरोब्बर होतं का नाही बघा. मी कॉलेजातले सगळे पुरुष मापले. सेक्रेटरींचं बोट पाऊण इंच आणि वर एक तांदूळ भरलं. ते दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीत. तेव्हा अण्णा, तुमचं बोट पाहिजे. माप पोस्टानं चालत नाही, यजमानानं स्वतः पाटावर बसावं लागतं. चैत्र शुद्ध पंचमीला ओतकाम आहे, आदल्या दिवशी या. आणि स्थपती म्हणतात, ज्याच्या बोटाचं माप, त्याच्या घरचं कुणीतरी पहिल्या उत्सवाला समोर असावं लागतं, नाहीतर दोष लागतो. पहिला उत्सव म्हणजे आडीतली मॅच. तुमच्या घरचं इथे गोदाखेरीज कोण आहे? तिरुविडैमरुदूरच्या मंडळींनाही त्याच दिवशी बोलवा. मुलगी पाहायचीच आहे तर धावताना पाहू देत.

पुन्हा ता. क. तुमचं पेर इंचभर भरेल हे मला कसं ठाऊक, असं तुम्ही विचाराल. मी बारा वर्षांची, डोक्यावरून पदर, आणि पश्चिम राजवीथीतल्या प्रत्येक ओट्यावर, तिण्णैवर बसून लोक बघत होते की, नरसिंह आपल्या विधवा बहिणीला शाळेत घेऊन चालला. बाबा तुमच्याशी तीन महिने बोलले नाहीत. त्या तीन महिन्यांत रोज सकाळी मी तुमचं मधलं बोट धरून गेले. माझी मूठ त्यावर कुठे संपत होती ते अजून माझ्या हाताला आठवतं. फूटपट्टी लागत नाही.

आणखी एक. जुनी कडी काढणार नाही. मोठ्या कड्यांवर पाहुण्यांशी खेळू, सराव माझ्याच बोटावर. गोदाचंही पेर काल स्थपतींना दाखवलं. सगळं तुमच्यासारखं आहे, पण इंचाला दोन तांदूळ कमी पडतात. ते म्हणाले, मुलगी अजून वाढते आहे, घाई करू नका, दोन वर्षांनी घेऊन या.